शनिवारचं तेल

अक्का,

तुझ्या तेराव्याच्या सकाळी ग्राइंडरचा पट्टा तुटला.

वड्यांची डाळ अर्धी वाटून झाली होती. तुझी सूनबाई ओल्या हातांनी बाहेर आली, "मामा, दगड फिरेना." मी जाऊन बघितलं. मोटर फिरत होती आणि भांडं जागच्या जागी. खालचं झाकण काढलं तर पट्टा दोन तुकडे होऊन पडलेला. दारात माणसं यायला लागली होती, भटजी चटईवर बसले होते, आणि मी स्वयंपाकघरात तो तुटका पट्टा हातात धरून उभा.

जायच्या आठ दिवस आधी तू मला सांगितलं होतंस, "नारू, पट्ट्याला भेगा पडल्यात. दिवाळीच्या आधी बदल." मी म्हटलं, "चालतोय की अजून. आता आपणच किती दिवसांचे!" तू म्हणालीस, "आपण जाऊ. ग्राइंडर इथंच राहणार. मंजूच्या गळ्यात मोडका घालायचा का?" मी पेपर उघडला. ते भांडण तिथंच राहिलं. मला वाटलं होतं, दोन दिवसांनी तू पुन्हा काढशील. तोवर मी उत्तर शोधून ठेवलं होतं. चांगलं उत्तर होतं. आता ते कुणाला देऊ?

डाळ शेवटी शेजारच्या पद्मक्कांच्या मिक्सरमध्ये वाटली. वडे चिवट झाले. पद्मक्का म्हणाल्या, "परवागिल्ला रायरे, असू द्या, दुःखाच्या घरी कोण वडे तपासतं!" मी तपासले, अक्का. तूही तपासले असतेस.

पण मी हे लिहायला बसलो ते वड्यांसाठी नाही. त्या दिवशी जेवणं झाली, लोक पानांवर बसून ताक पीत होते, तेव्हा मंजू उभा राहिला. तुझा लेक कधी चार माणसांत बोलला नाही, पण त्या दिवशी बोलला. इलेक्ट्रॉनिक सिटीतले त्याचे ऑफिसचे लोक आले होते म्हणून थोडं कन्नडात, थोडं इंग्रजीत, आणि आपल्या लोकांसाठी मराठीत. म्हणाला, "आई सदा घाईत असायची. एवढी घाई, की मामांच्या चालत्या रिक्षातून उतरली आणि जन्माचा पाय मोडून घेतला. बाबा तिला शेवटपर्यंत चिडवायचे." लोक हसले. रडून झाल्यावर माणसांना हसायला बरं वाटतं. मग तो म्हणाला, "पण वस्तू सांभाळायला तिला मामांनी शिकवलं. मामांच्या गाडीचा ब्रेक आयुष्यात फेल गेला नाही. आईच्या मशीनला दर शनिवारी तेल पडायचं ते मामांमुळं."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी काय केलं सांगू? आणखी एक वडा मागून घेतला. तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही.

सगळे गेल्यावर मंजू माझ्याजवळ येऊन बसला. "मामा, आपल्या समाजाच्या मासिकात आईवर तुम्ही लिहा. जसं येईल तसं लिहा, मी टाइप करून देतो." मी म्हटलं, "सरी, लिहितो." म्हणजे हा कागद मंजूच्या हातात जाणार. त्याच्या दोन्ही गोष्टी खोट्या आहेत, हे त्याला कळणार. तू जिवंत असताना मी ते बोललो नाही. तू बोलू दिलं नाहीस असं मी म्हणत आलो, पण मी तुझं इतकं ऐकणारा कधी होतो?

लिहितोय ती अक्षरंही तुझीच. शाळेत मी चौथीपर्यंत कन्नड गिरवलं आणि सोडून दिलं. मराठी अक्षरं तू शिकवलीस, ब्लाउजांची मापं लिहायच्या चिठ्ठ्यांच्या मागच्या बाजूला. छाती बत्तीस, कंबर अठ्ठावीस, आणि मागं माझा वेडावाकडा 'ज्ञ'. त्यामुळं आकडे मला आधी आले, जोडाक्षरं नंतर. चुका असतील तर मंजू सुधारेल. बाकीचं त्यानं सुधारू नये.

तर ती रिक्षा.

रिक्षा घेऊन मला तीन वर्षं झाली होती. मल्लेश्वरमच्या स्टँडला आमची बारा गाड्यांची रांग. आयुधपूजेला, म्हणजे आपल्या घरातल्या खंडेनवमीला, बाराही गाड्या धुऊन, सजवून ओळीनं उभ्या करायच्या. कुणाची गाडी सगळ्यांत देखणी, ते गल्लीतले मोठे लोक ठरवायचे आणि त्या गाडीच्या मालकाला हार घालायचे. दोन वर्षं माझा हार हुकला होता. त्या वर्षी मी कंबर कसली होती. पुढं दोन्ही बाजूंना केळीचे खुंट, छतावर झेंडूच्या माळा, काचेवर विभूतीचे पट्टे, मीटरला कुंकू, हँडलला रेशमी धागा.

आणि पायाचा ब्रेक दोनदा दाबल्याशिवाय लागत नव्हता.

हे तुला माहीत होतं. आठवड्याभरापूर्वी तू बाजारातून माझ्याबरोबर आली होतीस. घरी पोचल्यावर उतरताना म्हणालीस, "पाय दोनदा का मारतोस रे?" मी म्हटलं, "सवय आहे." तू म्हणालीस, "सवय तुझी की गाडीची?" पूजेच्या आदल्या दिवशी मेकॅनिकला विचारलं, तर तो म्हणाला दोन दिवस गाडी ठेव, सगळं उघडून बघतो. दोन दिवस म्हणजे पूजेचा दिवस गेला. माझी गाडी रांगेत नाही, आणि बाकीच्या अकरा उभ्या! ते मला सहन होणार नव्हतं. मी तुला म्हटलं, "उद्या पूजाच आहे. पूजा झाली की वर्षभर बघायला नको." मी चेष्टेनं बोललो नव्हतो. मला तसंच वाटायचं. आमच्या स्टँडवर सगळ्यांना तसंच वाटायचं. वर्षातून एकदा गाडीला नारळ, चाकाखाली लिंबं, समोर कोहळा फोडायचा, आणि मग वर्षभर ती देवाच्या भरवशावर हाकायची. तू म्हणालीस, "देवाला ब्रेक कुठं असतो ते दाखवलंस का?" मला राग आला. तुझा नव्हे, त्या बोलण्याला मी हसलो होतो त्याचा.

हार मला मिळाला.

दुसऱ्या दिवशी दसरा. हार अजून आरशाला तसाच होता. तुला दाजींच्या बहिणीकडे सोनं द्यायला जायचं होतं, आणि मी म्हटलं, चल सोडतो. दाजी म्हणाले, "बसनं जा. त्याच्या गाडीचा भरवसा नाही." दाजी खरं बोलले होते, म्हणूनच मला ते झोंबलं. मी म्हटलं, "हार मिळालेल्या गाडीला असं बोलू नका." तू दोघांकडे बघितलंस आणि रिक्षात बसलीस. का बसलीस गं? मला कमीपणा येऊ नये म्हणूनच ना?

आपल्या गल्लीचा उतार तुला माहीत आहे. रस्त्यावर आदल्या दिवशीचे कोहळे फुटून पडलेले, बिया आणि गर. उतार लागला आणि मी पाय दाबला. दुसऱ्यांदा दाबला. तिसऱ्यांदा दाबला तेव्हा पेडल तळाला टेकलं आणि वर आलंच नाही. गाडी कोपऱ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर आदळून उजव्या अंगावर कलंडली. मला ओरखडा आला, इथं, कोपरावर. तुझा पाय दांडीखाली होता.

दवाखान्यात दाजी आले तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो. दाजींनी विचारलं, "काय झालं?" मला विचारलं होतं. उत्तर तू दिलंस. "माझीच घाई. गाडी थांबायच्या आधी उतरायला गेले. त्याला कोपऱ्यावर एकदम वळवावी लागली." दाजी मला काही बोलले नाहीत. ते तुलाच बोलले, आणि मग तीस वर्षं, स्वतः जाईपर्यंत, बोलत राहिले.

आपल्याकडे काही झालं की हे निघायचं. कुणाचं लग्न असो, बारसं असो, गाडी दाराशी थांबली की दाजी मोठ्यानं म्हणायचे, "थांबली का गं? नीट बघ, नाहीतर मारशील उडी!" सगळे हसायचे. तूही हसायचीस. माझ्याकडे बघायचं मात्र टाळायचीस. बघितलं असतंस तर मी खरं बोललो असतो, असं मी मनाला सांगत आलोय. आज कागदावर लिहितो, की नसतो बोललो. एकदा तर त्या हसण्यात मीही हसलो. ते तू बघितलंस. त्या दिवशी माझ्या ताटात तू दुसऱ्यांदा भात वाढलास.

पाय प्लास्टरात असताना पहिल्याच शनिवारी तू मला बोलावणं धाडलंस. मला वाटलं आता बोलणार. मी मनाची तयारी करून आलो. तू पलंगावर बसली होतीस, समोर शिलाईचं मशीन. म्हणालीस, "तेल घालायचा दिवस आहे. मला खाली वाकता येत नाही. तू घाल."

मी म्हटलं, "एक आठवडा नाही घातलं तर काय होतं?"

"काही होत नाही," तू म्हणालीस. "पुढच्या आठवड्यातही काही होत नाही. कधी होणार ते मशीन सांगत नाही, म्हणून घालायचं."

बसलो खाली. तू वरून सांगत होतीस. सुई काढ. पट्टी सरकव. खालचा पत्रा उघड. त्यात कापडाची लव साठते, राखाडी, बोराएवढी. ती फुंकायची नाही, ब्रशनं काढायची, फुंकली की आणखी आत जाते. मग एकेका भोकात तेलाचा एकच थेंब. मी दोन घातले की तू म्हणायचीस, "पाजतोस काय त्याला?" मग दोरा न ओवता चाक फिरवायचं, तेल सगळीकडे पोचेपर्यंत. मग जुन्या मलमलीनं पुसायचं. आणि शेवटी चिंधीवर शिवत राहायचं, टाक्याला तेलाचा डाग यायचा थांबेपर्यंत. त्याशिवाय गिऱ्हाइकाचं कापड मशीनखाली घ्यायचं नाही. सगळं करायला अर्धा तास. तो अर्धा तास तू कधी चुकवला नव्हतास, मंजूच्या जन्माच्या आठवड्यातही नाही. कुणी विचारलं तर म्हणायचीस, "लोक शनिवारी मारुतीला तेल घालतात. माझा मारुती हाच. त्याच्यावर घर चालतं."

प्लास्टर निघेपर्यंत दर शनिवारी मी येत राहिलो. ब्रेकचं तू एका शब्दानं काढलं नाहीस. मी वाट बघायचो. तू शिव्या दिल्या असत्यास तर मी भांडलो असतो, आणि भांडून मोकळा झालो असतो. तू मला चिंधीवर सरळ टीप घालायला लावलीस.

प्लास्टर निघालं तेव्हा पाय अर्ध्या इंचानं आखूड झाला होता. मशीन चालवायला दोन्ही पाय लागतात, टाच आणि चवडा, आळीपाळीनं. तू डाव्या पायावर जोर द्यायला शिकलीस. आधी तुझ्या मशीनचा आवाज गल्लीत एकसारखा यायचा. मग त्यात एक अडखळ आली. खट खट खट, आणि एक जरा उशिरा. दुसऱ्या कुणाला ते कळलं नसेल. मी पलीकडच्या घरात राहतो, मला कळायचं. रोज सकाळी नऊ वाजता तू शिवायला बसायचीस आणि मी चहा घेता घेता तो उशिरा येणारा टाका ऐकायचो. गेले सतरा दिवस तो येत नाही. सुटका व्हायला हवी होती ना माझी? होत नाही.

तुझा पाय मोडला तेव्हापासून मी बदललो, हे मात्र कबूल कर. रिक्षा दर शनिवारी दुपारी बंद. ब्रेक, तेल, चाकांतली हवा, केबली, सगळं स्वतः बघायचो. स्टँडवरचे आधी हसले. "नारायणअण्णा, गाडी आहे की नवरी?" नंतर त्यांच्या गाड्या वाटेत बंद पडायच्या आणि माझी नाही. मग विचारायला यायला लागले. मी शिकवायला लागलो. पोरांना ब्रेकवरून दम द्यायला लागलो. गल्लीतली माणसं नवी स्कूटर घेतली की मला दाखवायला आणायची. रिक्षा विकली ती आनेकलच्या एका माणसाला. त्यानं वर्षभरानं निरोप धाडला, गाडी तुमच्या हातची आहे हे कळतं. तो निरोप मी किती जणांना सांगितला असेन! माझं नाव झालं, अक्का. माझ्या बायकोलाही वाटायचं की मी जन्मापासून असाच नेमाचा. जाईपर्यंत ती तेच समजत राहिली.

आणि लोक म्हणायला लागले की तुला मी शिकवलं. पहिल्यांदा कुणीतरी ते तुझ्या तोंडावर म्हटलं, तेव्हा मी थबकलो. तू दोरा तोडलास दातांनी आणि म्हणालीस, "हो, आमचा नारू फार काळजीचा आहे." मी तेही घेतलं. जसा हार घेतला तसा.

मी काहीच केलं नाही असं नाही. पुढं तू काठी धरलीस तेव्हा तिच्या टोकाचं रबर मी बदलायचो. झिजून लाकूड फरशीला लागायच्या आधी. तू दुपारी पडलीस की मी येऊन बदलून जायचो. तुला कळायचं. एकदा म्हणालीस, "चोर येतो रे घरात, रबर ठेवून जातो." मला वाटलं, एवढ्यानं फिटलं. दर खेपेला वाटायचं, आणि दर खेपेला रबर पुन्हा झिजायचं.

गेल्या रविवारी मंजू मशीन न्यायला आला. त्याच्या मनात काय होतं ते तुला आवडलं नसतं. खालचं लोखंडी स्टँड घासून, रंगवून, वर काच टाकून फ्लॅटमध्ये टेबल करायचं, आणि वरचं मशीन काढून कपाटात मांडून ठेवायचं. हल्ली सगळे करतात म्हणे. म्हणाला, "आईची आठवण रोज डोळ्यांसमोर राहील. मामा, तुम्ही सांगा, गंजू नये म्हणून काय लावू? तुम्हीच तर शिकवलंत तिला."

मी म्हटलं, "मी नाही शिकवलं. तिनं मला शिकवलं."

तो हसला. "तुम्ही नेहमी असंच म्हणता." मी कधीच असं म्हटलं नव्हतं, अक्का. मी थोर आहे हे त्यानं इतकं धरून ठेवलंय, की माझं न बोललेलंही त्याला ऐकू येतं.

मी म्हटलं, "बस इथं." तो बसला. मी मशीनचा खण उघडला. तुझी तेलाची कुप्पी, ब्रश, मलमलीचं फडकं घडी करून ठेवलेलं. जायच्या आदल्या शनिवारचं तेल अजून फडक्याला होतं. मी त्याला एकेक दाखवत गेलो आणि दाखवता दाखवता सांगितलं. ब्रेक दोनदा दाबावा लागत होता ते. मेकॅनिक दोन दिवस मागत होता ते. हाराचं सांगितलं. दवाखान्यात तू काय बोललीस आणि मी कुठं बघत होतो, तेही.

मंजूनं तेलाची कुप्पी उचलून पुन्हा खणात ठेवली. मग म्हणाला, "म्हणजे आई उतरली नव्हती?"

"नाही."

"बाबा तिला जन्मभर बोलले."

"हो."

"तुम्ही तिथंच असायचात."

"असायचो."

"तेराव्याला मी चाळीस माणसांसमोर बोललो. तेव्हाही तुम्ही तिथंच होतात, मामा."

मी मान हलवली. मला वाटलं ओरडेल. तो तुझ्यावर गेलाय, ओरडला नाही. उठला, मशीन उचलायला वाकला. वजन तुला माहीत आहे. मी हात पुढं केला तर म्हणाला, "तुम्ही राहू द्या." एकट्यानं आधी वरचं नेलं, मग स्टँड ओढत नेलं. फरशीवर दोन ओरखडे पडलेत. खण मात्र त्यानं उघडून बघितला, कुप्पी, ब्रश, फडकं सगळं आहे ना ते, आणि पुन्हा बंद करून नेला. त्यावरून काय समजायचं ते मला अजून कळलेलं नाही.

त्याला आज चार दिवस झाले. रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा, "मामा, जेवलात का?" एवढाच. तो येत नाही. मी करत नाही. करायला हवा हे मला कळतं. मी असाच आहे, तुला माहीत आहे, तूच पहिल्यांदा बोलायचीस. आता आपल्यात पहिल्यांदा बोलणारं कुणी उरलेलं नाही.

ग्राइंडरला नवा पट्टा घातलाय. तुझ्या घरात आता कुणी नाही, वाटायचं काही नाही. तरी घातला. झाकण लावून एकदा रिकामाच फिरवून बघितला. चांगला फिरतो. माझं ते उत्तर, जे मी शोधून ठेवलं होतं, ते मागं घेतो. तुझंच खरं होतं. हे मी कुणालाच कधी म्हटलेलं नाही, तुलाही उशिरा म्हणतोय.

कागद टपालानं धाडणार नाही. उद्या सकाळी इलेक्ट्रॉनिक सिटीची बस धरून स्वतः नेऊन देतो. दार उघडलं तर हातात देईन, नाही उघडलं तर खालच्या वॉचमनकडे ठेवीन. मासिकात छापायचं की नाही ते मंजूनं ठरवावं. माझं नाव राहू दे नाहीतर जाऊ दे, पण लोकांनी तुला घाईची म्हणू नये.

एक गोष्ट रविवारी सांगायची राहिली, कारण तो उठला. ती इथं लिहितो, त्यानं वाचावी.

पेडल तळाला गेलं तेव्हा गाडीनं अजून जोर धरला नव्हता. खरा उतार पुढं होता. रस्ता मोकळा होता, कडेला मातीचा ढीग होता. मी मागं वळून ओरडलो, "अक्का, उडी मार!" मारली असतीस तर हात खरचटले असते, एवढंच. तुला वेळ होता. मंजू, तुझ्या आईला वेळ होता. ती काही उतरली नाही. मागून तिचे दोन्ही हात आले, तिनं माझा शर्ट खांद्यापाशी घट्ट धरला, आणि मला बाहेर ढकलत ती म्हणाली, "तू आधी."